निळ्या अंगाच्या बाया आणि आमच्या भिंतीवरचा एलियाहू



नर्सला निळा रंग आवडत नाही. पेशंटचे ओठ निळे दिसले, नखं निळी दिसली की प्राणवायू कमी पडतोय हे समजायचं आणि धावायचं. जवळजवळ चाळीस वर्षं मी हेच केलं, थोडी वर्षं मुंबईत आणि बाकीची इथं सिंगापुरात. त्यामुळे सियोना बेंजामिन यांचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात कलाबिला काही आलं नाही. चित्रातली बाई नखशिखांत निळी होती आणि मला वाटलं, हिला आधी ऑक्सिजन लावा.

ही गोष्ट 2013 सालची. माझी आक्का तेव्हा ठाण्याला होती. तिचा रात्री फोन आला. मुंबईच्या म्युझियममध्ये, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्समध्ये, आता ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय म्हणतात तिथं ती प्रदर्शन बघून आली होती. म्हणाली, "अगं, भिंतीवर आपली माणसं आहेत. आपली! सिनेगॉगमध्ये भेटतात तसली." मी नाइट ड्युटीला निघाले होते. बरं, बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. त्याचं आज वाईट वाटतं, कारण जाऊन बघायची ती वेळ होती. नंतर जे पाहिलं ते पुस्तकांत आणि पडद्यावर.

परदेशात वाढलेल्या आपल्या पुष्कळ मुलांना हे नाव ठाऊक नाही, म्हणून थोडं सांगते. सियोना बेंजामिन या बेने इस्राएल, जन्म 1960 चा, मुंबईचा. घरी शाब्बाथ, शाळा कॅथलिकांची आणि पारशांची, शेजार हिंदू-मुसलमानांचा. यातलं काहीच आपल्याला नवीन नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं लहानपण असंच गेलं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्या अमेरिकेला गेल्या. तिथं इलिनॉय राज्यातल्या दोन विद्यापीठांतून दोन वेगवेगळ्या पदव्या घेतल्या, एक चित्रकलेची आणि दुसरी नाटकाच्या नेपथ्याची. ही दुसरी पदवी लक्षात ठेवा. त्यांच्या चित्रांकडे नीट पाहिलं तर कडेला महिरप असते, पडदा असतो, आणि माणसं रंगमंचावर उभी राहावीत तशी उभी असतात. पुढे त्या न्यू जर्सीत राहिल्या.

'फाइंडिंग होम' ही त्यांची मोठी चित्रमालिका, म्हणजे घराचा शोध. तोरातल्या आणि तनाखमधल्या बाया त्यात येतात, पण मोगल लघुचित्रांसारख्या नटलेल्या आणि अमर चित्र कथेतल्यासारख्या ठसठशीत, आणि सगळ्या निळ्या. एका चित्रात बाईला अनेक हात आहेत आणि ते मेनोराच्या फांद्यांसारखे वर गेले आहेत. त्याचं नाव 'तिक्कून हा-ओलाम', जगाची दुरुस्ती. निळा रंग का, तर तो आभाळाचा आणि समुद्राचा. सगळीकडचा आणि कुठलाच नाही, असं त्या सांगतात. अमेरिकेत त्यांना लोक विचारत, तू ज्यू कशी, तू तर हिंदुस्थानी दिसतेस. हा प्रश्न मलाही इथं वॉटरलू स्ट्रीटच्या मागैन अबोथमध्ये, एकदा नाही, चारदा विचारला गेला. कोणी वाईट बुद्धीनं विचारत नाही. सिंगापूरचे जुने ज्यू बगदादकडचे. मागैन अबोथ त्यांनी 1878 साली बांधलं आणि त्यांना आपली 'कर' लावलेली आडनावं ऐकून गंमत वाटते. पण प्रश्न विचारला की क्षणभर आपण निळे होतो खरे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आक्काला ते मेनोराच्या हातांचं चित्र रुचलं नाही. "लक्ष्मी वाटते," म्हणाली. आमच्या घरात दुसरी आज्ञा फार कडक होती. मूर्ती नको, मूर्तीसारखं काही नको. दिवाळीत शेजारची आकाशकंदिलाची मुलं घरात येत, फराळाची ताटं इकडून तिकडे जात, पण गणपतीचं कॅलेंडर कोणी दिलं तर वडील कपाटाच्या आतल्या बाजूला लावत. मी आक्काला तेव्हा एकच विचारलं, "मग आपल्या भिंतीवर काय होतं?"

आमच्या भिंतीवर एलियाहू हन्नाबी होता.

तुमच्याही असणार. अग्नीचा रथ, उधळलेले घोडे, पांढऱ्या दाढीचा नबी आणि खाली ढग. काच, काळी चौकट आणि चौकटीच्या खिळ्याला शाब्बाथला एखादा हार किंवा सब्ज्याची काडी. आम्ही त्याची पूजा करत नव्हतो. पण नवस बोलताना आई त्या तसबिरीकडेच बघायची आणि मलिद्याचं ताट तिच्या खालीच मांडलं जायचं, गोड पोहे, पाच फळं, गुलाब. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर जे एलियाहू हन्नाबीचा टाप म्हणून दाखवतात ते मी लहानपणी पाहिलं, तेव्हा मला तसबिरीतलेच घोडे आठवले. जगातले बाकीचे ज्यू एलियाहूसाठी पेसाखच्या रात्री पेला भरून ठेवतात, दार उघडतात. आपण त्याला भिंतीवर बसवलं आणि घरच्या वडीलधाऱ्यासारखा वागवला. ती तसबीर छापलेली होती, हाती काढलेली नव्हे. म्हणून तर ती चाळीतल्या खोलीतही होती आणि बंगल्यातही.

या छपाईचं मला कुतूहल वाटू लागलं ते निवृत्त झाल्यावर. सिंगापूर नदीच्या काठी रॉबर्टसन की इथं एका जुन्या गोदामात एसटीपीआय म्हणून छापचित्रांची संस्था आहे. 2002 साली सुरू झाली. अमेरिकेतले नामवंत मुद्रक केनेथ टायलर यांची यंत्रसामग्री आणि कारागिरी घेऊन ती उभी राहिली आणि कागदही तिथंच बनवतात. मैत्रिणीबरोबर मी तिथं गेले आणि शिळाछापाची युक्ती प्रथमच मला नीट कळली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं किंवा खडूनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथं तेल आहे तिथं पाणी धरत नाही. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते, ओल्या जागेवर नाही. वर कागद ठेवून दाबला की झालं. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, एवढंच शास्त्र. आमच्या वॉर्डात मलम लावलेल्या जागी चिकटपट्टी बसत नाही, तेच हे.

या साध्या युक्तीचे उपकार आपल्यावर फार आहेत. एकोणिसाव्या शतकात खिळ्यांचे टाईप ओतायला पैसा लागे, आणि हिब्रू व देवनागरी दोन्ही टाईप एका छापखान्यात मिळणं कठीण. दगडाला लिपीचं सोयरसुतक नव्हतं. लिहाल ते छापील. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग शिळाछापावरच काढलं. आणि 1846 साली मुंबईतच हिब्रूबरोबर मराठी असलेली आपली हग्गादा शिळाछापावर निघाली. गंमत अशी की इकडे सिंगापुरातही तेच चाललं होतं. बेंजामिन कीसबेरी नावाच्या मिशनऱ्यानं, ज्याचा जन्म हैदराबादचा, मुन्शी अब्दुल्ला यांचं मलय आत्मचरित्र 1849 साली इथं शिळेवरच छापलं, जावी लिपीत, म्हणजे अरबी वळणाच्या अक्षरांत. मुंबईची हग्गादा आणि सिंगापूरचं हे पुस्तक यांत तीन वर्षांचं अंतर. मी त्या गोदामात उभी राहून हाच हिशेब करत होते. मैत्रिणीला वाटलं मला चक्कर येतेय.

पण माझी लाडकी हग्गादा पुण्याची, 1874 सालची. मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर यांनी ती तयार केली आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती निघाली. पेसाखचं पुस्तक अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात! हे मी इथल्या एका गृहस्थांना सांगितलं तर त्यांनी पुन्हा विचारलं, नीट ऐकलं का म्हणून. आपल्याला त्यात नवल काय, सांगा. 1968 साली न्यूयॉर्कला तिची हुबेहूब प्रत पुन्हा छापली गेली, म्हणून ती आज जगभरच्या ग्रंथालयांत सापडते. तिचं मुखपृष्ठाचं चित्र युरोपी वळणाचं आहे, ॲमस्टरडॅमच्या जुन्या हग्गादांत असतं तसं. पण पुढं पान उलटलं की एकदम आपलं घर दिसतं. लुगडं नेसलेल्या बाया बेखमीर भाकरी करतायत. कोणी पीठ मळतेय, कोणी लाटतेय, कोणी भाजतेय. युरोपातल्या हग्गादांतही भाकरी करण्याची चित्रं असतात, पण तिथले लोक तिथल्या कपड्यात. पुण्याच्या चित्रकारानं आपल्या बायांना आपल्याच कपड्यात बसवलं. आपल्या पूर्वजांना हिब्रू विसरली होती, पेसाखला ते अनशी ढाकाचा सण म्हणत, हे आपण नेहमी थोडं मान खाली घालून सांगतो. त्याच समाजाच्या पुस्तकात या बाया काही मान खाली घालून बसलेल्या नाहीत. कामात आहेत म्हणून वाकल्या आहेत, एवढंच.

फक्त एक गोष्ट मला खटकते. तळकरांची नावं आहेत, अग्निहोत्र्यांचं नाव आहे. त्या बायांची नावं नाहीत. चित्रात त्या काम म्हणून आहेत, माणसं म्हणून नाहीत. वॉर्डात आम्हीही बोलत असू, सात नंबरला सलाईन लाव, बारा नंबरचा ताप बघ. घाईत तसंच बोललं जातं. एका म्हाताऱ्या आजीनं मला एकदा ऐकवलं होतं, "मुली, नंबर खाटेचा आहे, माझा नाही." त्यानंतर मी नाव पाठ करून राऊंडला जाऊ लागले.

म्हणून सियोना बेंजामिन यांचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम निळ्या बायांचं नाही, तर आक्कानं पाहिलेलं ते दुसरं. 2010-11 मध्ये त्यांना फुलब्राइट मिळाली आणि त्या हिंदुस्थानात आल्या त्या आपल्या लोकांना भेटायला. घरोघर बसल्या, बोलल्या, गोष्टी ऐकल्या, फोटो काढले. मग त्या फोटोंच्या भोवती आणि वरही रंगकाम केलं, सोन्याचा वर्ख लावला, आणि ज्याचा चेहरा त्याच्याच आयुष्यातल्या वस्तू, प्राणी, अक्षरं, महिरपी त्याच्याभोवती गुंफल्या. 'फेसेस' असं नाव, चेहरे, आणि जोडीला हिंदी ज्यूंच्या कहाण्यांचं विणकाम असा अर्थ. राजेमहाराजांना जी सोनेरी चौकट मिळायची ती इथं कुठल्या तरी मास्तरांना, आजीबाईंना मिळाली. हिंदुस्थानात आपण आता पाच हजारांच्या आत उरलो आहोत. एवढ्याशा समाजातली माणसं नावगावासकट मुंबईच्या सगळ्यात मोठ्या म्युझियमच्या भिंतीवर लागली. पुढे त्यांना दुसरी फुलब्राइट मिळाली ती इस्राएलला गेलेल्या आपल्या लोकांसाठी. आपल्यातल्या किती घरांचे असे दोन तुकडे झाले आहेत, एक इकडे, एक बीरशेबा नाहीतर लोदला!

त्यांनी एस्तेरची मेगिल्लाही चितारली आहे, 2010 च्या सुमारास. आणि 2021 च्या आसपास मुलांचं एक पुस्तक आलं, 'आय ॲम हावा'. लिहिलं फ्रीडा लेवकोविझ यांनी, चित्रं यांची. हावा नागिला हे गाणं स्वतःची गोष्ट सांगतं. नातीला ते फार आवडलं. तिला निळ्या रंगाचं काहीच वाटलं नाही. मुलांना वाटत नाही.

नातीवरून आठवलं. सिंगापुरात चित्रकारांची नवी तऱ्हा आहे. ते प्रदर्शन भरवतात आणि तेच चित्र बशीवर, उशीच्या अभ्र्यावर, हात पुसायच्या फडक्यावरही छापतात. जुन्या दुकानघरांच्या खिडक्या, पेरानाकानांच्या फुलांच्या टाइल्स, रंगीत कुएह, सगळं तुम्हाला चहाच्या कपाखाली ठेवायला मिळतं. सुरुवातीला मी नाकं मुरडायची. एवढी कला आणि त्यावर कप ठेवायचा? पण आपल्या घरात याहून वेगळं काय होतं? मूर्ती नको म्हटल्यावर ज्यू कारागिरांनी सगळी हौस घरातल्या वस्तूंवर फेडली. किद्दूशचा पेला, मेझुझाचं घर, शाब्बाथच्या भाकरीवरचा रुमाल. आणि छापील चित्रंही लोकांनी कधी नुसती टांगून ठेवली नाहीत. रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं घरोघर पोचल्यावर बायांनी काय केलं? सरस्वतीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या! आपलं जुनं लुगडं फाटलं की त्याचा काठ देवीला. छापलेल्या शंभर प्रतींतली एक अशी आपली करून टाकायची. मला ही गोष्ट चित्रापेक्षाही आवडते.

तर मग आमच्या एलियाहूचं काय झालं, ते सांगायलाच हवं. आई गेल्यावर ठाण्याचं घर रिकामं करायचं होतं. मला दहा दिवसांची रजा. तसबीर काढली तर मागचा पुठ्ठा कसरीनं खाल्लेला, काचेला ओल, घोड्यांचे पाय गेलेले. मी भांडी वाटली, साड्या वाटल्या, आईचा केतुबा कागदपत्रांत घालून आणला. तसबीर मी भंगारवाल्याच्या टोपलीत जाऊ दिली. मला वाटलं, छापील आहे, कुठेही मिळेल. छापील गोष्टीचा हाच धोका. सगळ्यांकडे असते म्हणून कोणीच जपत नाही. अनेकांनी आपापल्या रजेच्या दहा दिवसांत हेच केलं असणार. इथल्या ज्यू म्युझियममध्ये, वॉटरलू स्ट्रीटच्या जेकब बॅलस सेंटरमध्ये, 2021 पासून सिंगापूरच्या ज्यूंचा इतिहास मांडला आहे. मी तिथं पाहुण्यांना नेते आणि प्रत्येक वेळी मनात त्या टोपलीचा विचार येतो.

गेल्या सुट्टीत नातीला लिनोवर कोरून छापायचा एक छोटा वर्ग होता, आमच्या ब्लॉकजवळच. लिनोलियमचा तुकडा, छोटी कोरणी, शाई, आणि शेवटी कापडावर छाप. बाकीच्या मुलांनी मांजरं कोरली. तिनं विचारलं, "आजी, मी काय करू?" मी फोनवर पुण्याच्या हग्गादेचं ते पान काढून दिलं. लाटणारी बाई निवड, म्हटलं, सोपी आहे. सोपी नव्हती. लाटण्याचं बोट दोनदा कापलं, म्हणजे चित्रातल्या बाईचं. नातीचं एकदाच, त्याला मी पट्टी लावली.

मग तिनं विचारलं, "हिचं नाव काय?"

मी म्हटलं, "पुस्तकात दिलेलं नाही."

"मग आपण देऊ."

तिनं माझ्या आजीचं नाव विचारून घेतलं. आजी रेवदंड्याची. आयुष्यभर पेसाखच्या भाकरी तिनं चुलीसमोर बसून केल्या आणि तिचा एकही फोटो कामात असतानाचा नाही. एकच आहे, लग्नातला, ताठ उभी. नातीनं देवनागरीत नाव कोरलं. तिला देवनागरी मीच शिकवलं आहे, शुक्रवारी दुपारी, अर्धा अर्धा तास. पण छापताना सगळं उलटं होतं हे ती विसरली आणि मीही विसरले. फडक्यावर नाव आरशातल्यासारखं आलं. जुने शिळाछापवाले यासाठीच आधी खास कागदावर सुलट लिहून तो दगडावर दाबून घेत. आम्हाला ही अक्कल मागून सुचली. नातीला पुन्हा कोरायचं होतं, मी नको म्हटलं. चार फडकी छापली. एक तिच्याकडे, एक आक्काला, एक अशदोदच्या भावाला पाठवलं. चौथं आमच्या स्वयंपाकघरात आहे. ओव्हनच्या दांड्याला लटकतं आणि त्यानं मी रोज हात पुसते. हळद लागली आहे, निघत नाही.

आता तुमच्याकडे एक काम. ज्यांच्या घरी एलियाहू हन्नाबीची जुनी छापील तसबीर अजून आहे, त्यांनी ती चौकटीतून हळूच बाहेर काढा. कागद ठिसूळ झाला असेल तर ओढू नका, पुठ्ठ्यासकटच राहू द्या. चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत बहुधा छापखान्याचं नाव असतं, चौकटीखाली झाकलेलं. त्याचा आणि मागच्या बाजूचा स्वच्छ उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको. कोणाच्या घरची, कोणत्या गावाची, कोणी भिंतीला लावली, आणि तिच्याखाली मलिद्याचं ताट कोण मांडत असे, त्या बाईचं नाव, एवढं लिहून मला पाठवा. जमेल तितक्या तसबिरी पेसाखच्या आधी इथं एकत्र लावते.